संग्रहालयातलं गंगास्नान

त्या वेळी माझ्या अंगात बनियन होतं, हे मी आधीच सांगून ठेवतो. आमच्या गल्लीत आता तेही नव्हतं असं सांगतात.

आम्ही काशीतले मराठी. माझे पणजोबा वाईहून इथे आले, दुर्गाघाटावर बिऱ्हाड केलं आणि परत जायचं विसरले. तेव्हापासून आमचं घराणं तिथेच आहे. मी जन्मभर बँकेत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर घाटाच्या इतिहासाचा जाणकार झालो. (ही पदवी मी स्वतःच घेतलेली आहे. काशीत ती घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही, कारण इथे प्रत्येकाकडे ती असते.) माझी बायको शैला साताऱ्याची. लग्न होऊन आल्यापासून ती माझं मराठी दुरुस्त करते आहे आणि अजून काम पूर्ण झालेलं नाही. एकुलती एक मुलगी मुग्धा. ती घरात मराठी बोलते, बाहेर हिंदी, आणि रागावली की घरातही हिंदी. राग जेवढा मोठा, हिंदी तेवढी शुद्ध.

ही मुग्धा शहरातल्या एका छोट्या संग्रहालयात काम करते. शाळेची मुलं तिथे येतात, काचेच्या कपाटांसमोरून रांगेने जातात, आणि बाहेर पडल्यावर त्यांना फक्त पाण्याचा नळ कुठे होता तेवढं आठवतं. मुग्धाला याचं फार वाईट वाटायचं. म्हणून तिने खटपट करून एक खोली तयार केली. त्या खोलीत डोळ्यांवर एक मोठा चष्मा चढवायचा, कानांवर हेडफोन लावायचे, की आपण थेट जुन्या काशीत. घाट बांधले जात होते त्या काळातली गल्ली, चुनारहून दगड घेऊन आलेल्या नावा, छिन्नीचे आवाज, पायऱ्या, गंगा, सगळं आपल्या चहूबाजूंना. मान वळवू तिकडचं दिसतं. त्याला व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात. शैला त्याला डबा म्हणते.

या डब्यापायी मुग्धाने रात्रीचा दिवस केला होता. जुनी चित्रं, जुने नकाशे गोळा केले, पायऱ्यांची मापं घेतली. मापं घेताना मी तिच्याबरोबर होतो आणि प्रत्येक पायरीवर एक व्याख्यान दिलं होतं. त्यामुळे त्या खोलीत आपलाही वाटा आहे असं माझं ठाम मत होतं. मुग्धाचं मत तिने कधी सांगितलं नाही.

मग दिल्लीहून मेहरा मॅडम यायच्या ठरल्या. ही खोली पुढे चालू ठेवायची की बंद करायची हे त्या ठरवणार होत्या, आणि खोली बंद झाली तर मुग्धाची नोकरीही तिथे राहण्याचं कारण नव्हतं. त्या दिवशी एका मुलींच्या शाळेचा वर्गही बोलावला होता. मेहरा मॅडमची एक शंका होती, की मुलांना हे यंत्र आवडेल, पण वयस्कर माणसाला झेपेल का? म्हणून एका वृद्ध प्राध्यापकांना चष्मा घालून दाखवायला सांगितलं होतं. ते आदल्या दिवशी तापाने आडवे झाले.

मुग्धा फोन ठेवून डोक्याला हात लावून बसली. मी समोरच वर्तमानपत्र वाचत होतो. वर्तमानपत्र खाली केलं, घसा खाकरला आणि म्हटलं की वयस्कर माणूस घरात असताना बाहेर कशाला शोधायचा.

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. बुडणारा माणूस काडीकडे बघतो तसं नव्हे. काडी निवडायची मुभा असती तर कुठली घेतली असती, याचा विचार करत असल्यासारखं. शेवटी म्हणाली, "बाबा, एकच करायचं. चष्मा घालायचा, बघायचं, काढायचा. बोलायचं नाही."

मी कबूल केलं. मनापासून कबूल केलं होतं, हे आजही शपथेवर सांगेन.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. शैलाने मला नवं बनियन काढून ठेवलं होतं. मी जुनंच घातलं, कारण जुन्याला हवा खेळती राहते. (हवा कुठून खेळते ते पुढे सगळ्यांनी पाहिलं.) वर इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली पँट, पायांत चपला. गल्लीतून चालत मोठ्या रस्त्यापर्यंत आलो आणि तिथून टोटोत, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षात, बसलो. वाटेत मुग्धाने मला पुन्हा सगळं समजावलं. जमिनीवर पिवळी पट्टी आखलेली आहे, तिच्या आत राहायचं. आपण काय बघतो ते भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसतं. हे दुसरं वाक्य चालू असताना आमच्यासमोर एक सांड आडवा आला, आणि माझं लक्ष त्याच्याकडे गेलं. सांड निघून गेला. वाक्यही गेलं.

संग्रहालयात पोचलो तर मुली आधीच येऊन सतरंजीवर बसल्या होत्या. मेहरा मॅडम पुढच्या खुर्चीवर, शेजारी शैला. मॅडम शांत स्वभावाच्या, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्यापुढच्या टेबलावर तांब्याचा जग आणि पेले मांडले होते, पलीकडच्या टेबलावर कॉम्प्युटर. मुग्धा कॉम्प्युटरशी काहीतरी खटाटोप करत होती. खोलीत शांतता होती, माझ्यासमोर विद्यार्थिनी होत्या, आणि अजून चष्मा घातलेला नसल्यामुळे न बोलण्याची अट सुरू झालेली नव्हती.

मी बोललो. मुंज झाल्यापासून आपण गंगेत कसे न्हातो, घाटाचा दगड न् दगड आपल्याला कसा ओळखतो, हे सांगितलं. मग मुलींना इशारा दिला. यंत्र हे यंत्र आहे. ते शिकण्यासाठी आहे. समोर दिसेल ते खरं समजून वाहवत जायचं नाही. माणसाने आपलं भान सोडू नये. मुलींच्या बाईंनी मान डोलावली. एका मुलीने तर हे लिहूनही घेतलं.

मग मुग्धाने माझ्या डोळ्यांवर चष्मा चढवला, कानांवर हेडफोन बसवले, आणि मी गेलो.

कसं सांगू? आधी काळोख, मग पहाट. मी आमच्याच गल्लीत उभा होतो, पण विजेच्या तारांचं जंजाळ नाही, मोटारसायकल नाही, भिंतींवर कोचिंग क्लासच्या जाहिराती नाहीत. वर आकाशाची बारीक पट्टी. कुठेतरी घंटा वाजत होती. आणि डाव्या हाताला, देवाशपथ, जिलबीचं दुकान. कढई, कढईत तेल, तेलात जिलब्या.

मला साखरेचा आजार आहे. जिलबीशी माझे संबंध शैलाने कायद्याने तोडलेले आहेत. मी वाकलो. नीट बघितलं. कढईत एक जिलबी फुगून वर आली, तिच्याबरोबर मीही जरा वर आलो. अभ्यासाचा विषय घाटाची बांधणी हा होता आणि समोर सुंदर कोरीव कमान होती, असं मला नंतर सांगण्यात आलं. मी ती पाहिलेली नाही. भिंतीवरच्या पडद्यावर त्या वेळी, भिंतभर, फक्त कढई होती.

कानांवर हेडफोन असले की आपला आवाज आपल्याला कळत नाही. मला वाटलं मी मनात म्हणतोय. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं ते असं: "शैला नाहीये इथे. दोन घेऊ."

शैला पहिल्या रांगेत होती.

मुली हसल्या. मुग्धा पुढे होऊन चष्मा काढणार, तेवढ्यात मेहरा मॅडमनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांना गंमत वाटली असावी. पाहू या, म्हणाल्या, त्यांना रमू द्या. पुढे जे झालं त्याची थोडी जबाबदारी या वाक्यावर टाकता येईल का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. येत नाही.

गल्ली संपली आणि पायऱ्या आल्या. दुर्गाघाटाच्या पायऱ्या तशा उभ्या. माझ्या वयाच्या माणसाने तिथे तिरकं होऊन, एक एक पाऊल चाचपत उतरायचं असतं. मी आधी चपला काढून कडेला ठेवल्या, मग तिरका झालो आणि उतरू लागलो. सपाट सतरंजीवर! अंगठ्याने पायरीची कड शोधायची, ती सापडत नाही म्हणून गुडघा आणखी वाकवायचा, मग धप्पकन पाऊल टाकायचं. आधाराला भिंत हवी म्हणून हात पुढे केला, तर भिंत मऊ लागली. तो मुलींच्या बाईंचा अंबाडा होता. मधे एक निळी जाळीही आडवी आली. पिवळ्या पट्टीच्या बाहेर पाऊल पडलं की सावध करण्यासाठी ती दिसते म्हणे. मला वाटलं, नावाड्या मल्लाहांनी जाळं वाळत घातलंय. गरिबाचं जाळं तुडवू नये म्हणून मी ते हलकेच बाजूला केलं आणि पलीकडे गेलो.

आणि समोर गंगा.

उजवीकडे लांबवर मणिकर्णिकेचा धूर, खाली हिरवट काळं पाणी, पलीकडे रेतीवर सूर्य उगवतोय. एकही प्लॅस्टिकची पिशवी नाही. एकही मोटरबोट नाही. शंख वाजला. जन्मभर त्या पाण्याशी माझं जे नातं आहे ते डोक्यातून चालत नाही, हातापायांतून चालतं. शंख वाजला आणि हात आपोआप शर्टाच्या बटणांकडे गेले.

मला भान नव्हतं असं म्हणवत नाही. कुठेतरी एवढं कळत होतं की आपण संग्रहालयात आहोत. पण घाटावर उभं राहून, सूर्य उगवताना, न न्हाता परत फिरायचं, हे आमच्या घराण्यात कुणी केलेलं नाही. शर्ट काढला. तो ठेवायला जागा शोधली, तर पायरीवर पंड्याच्या छत्रीचा आडवा बांबू होता. त्यावर टांगला. तो बांबू म्हणजे मला थांबवायला पुढे आलेला मेहरा मॅडमचा हात. मी शर्टाची घडीसुद्धा नीट बसवली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून बाही एकदा त्यांच्या मनगटाभोवती गुंडाळली.

मग मी पट्ट्याला हात घातला.

इथे मला कुणीतरी मागून दंडाला धरलं. घट्ट धरलं आणि ओढायला लागलं. काशीत घाटावर मागून दंडाला धरणारा माणूस एकच असतो, पंडा. तो तुम्हाला यात्रेकरू समजतो, संकल्प सोडायला लावतो, आणि मग सुटका नसते. माझा संताप झाला. मला परका समजतो! मी न वळता, खास घाटावरच्या आवाजात बोललो, "अरे छोड़ो भइया, हम यहीं के हैं. जजमान दूसरा ढूँढो."

शैलाने हात सोडला. त्यानंतर तो तिने बरेच दिवस धरला नाही.

या भांडणात पट्ट्याचा विषय मागे पडला, हे कुलदेवतेचे उपकार. पँट भिजली तर भिजली म्हणून मी तसाच पाण्यात उतरलो, नाक धरलं, "हर हर गंगे" म्हटलं आणि डुबकी मारली. एक, दोन, तीन. म्हणजे वर्गासमोर तीन उठाबशा काढल्या. माझे गुडघे कडकड वाजले असणार, कारण एका मुलीने नंतर विचारलं की तो आवाज पण यंत्रातलाच होता का.

डुबकीनंतर अर्घ्य. पायरीवर तांब्याचा लोटा ठेवलेला दिसत होता. मुग्धाने तो शोभेसाठी काढला होता, तो नुसता दिसायचा, हातात यायचा नाही. मी हात पुढे केला आणि लोटा हातात आला. गार, जड, भरलेला. मी थक्क झालो. दृश्य समजू शकतो, आवाज समजू शकतो, पण स्पर्शसुद्धा! पोरीने कमाल केली, असं मला वाटलं. डोळे भरून आले. मी लोटा दोन्ही हातांनी कपाळापर्यंत उचलला, सूर्याकडे तोंड केलं आणि मंत्र पुटपुटत धार सोडली. धार माझ्या पायांवर उडाली, आणि पाणी खरोखर ओलं होतं.

सूर्याच्या दिशेला मुग्धाचा कॉम्प्युटर होता.

एकदम सगळा काळोख झाला. सूर्य गेला, गंगा गेली. तरीही मला काही कळलं नाही. मला वाटलं, ग्रहणसुद्धा दाखवलंय. अभिमानाने मी म्हटलं, "वा मुग्धा, ग्रहणात अर्घ्य दिलेलं फार पुण्याचं."

मग कुणीतरी चष्मा काढला.

समोर वर्गभर मुली होत्या. आता त्या हसत नव्हत्या, हाच वाईट भाग. त्या तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या. माझ्या हातात टेबलावरचा जग होता, रिकामा. जुन्या बनियनला पोटावर एक मोठं भोक आणि पाठीवर, हे मला नंतर कळलं, जाळीच. मेहरा मॅडम हात तसाच आडवा धरून बसल्या होत्या, त्यावर माझा शर्ट. कॉम्प्युटरमधून बारीक धूर येत होता. आणि मुग्धा आपल्या ओढणीने की-बोर्ड पुसत होती. हळूहळू, एक एक बटण. पुसून काही होणार नाही हे तिला माहीत होतं. खोलीत सगळीकडे बघण्यापेक्षा ती बटणांकडे बघत होती एवढंच.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती वर न बघता म्हणाली, "पिताजी, कृपया कमीज़ पहन लीजिए."

मी आयुष्यात तिच्या तोंडून पिताजी ऐकलेलं नव्हतं.

मेहरा मॅडमनी बाही मनगटावरून सोडवून शर्ट मला दिला. मी बटणं लावली, ती एक घर चुकून. तशाच अवतारात बाहेर आलो. चपला आतच राहिल्या. त्या आणायला आत जायची माझी छाती झाली नाही. शैला जाऊन घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवल्या. टोटोत ती पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला बसली.

आमच्या गल्लीत मोटार येत नाही, पण बातमी येते. त्या वर्गातली एक मुलगी ब्रह्माघाटावर राहते. आम्ही पोचायच्या आधी तिचा फोन पोचला होता. पानवाल्यापाशी गेलो, त्याने हात जोडले आणि विचारलं, "का गुरू, नहा लिए?" दूधवाल्याने विचारलं. समोरच्या माडीवरच्या शास्त्रीबुवांनी खिडकीतून विचारलं. काशीत हा प्रश्न सकाळी सगळेच सगळ्यांना विचारतात, त्याचं काही नाही. मला तो दुपारी विचारत होते.

मुग्धा उशिरा घरी आली, जेवली नाही. मी माजघरात वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसलो होतो. शैला आत तिच्याशी बोलून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता जिलबीचं निघणार. तिने जिलबीचं नावही काढलं नाही. म्हणाली, "ती मधेच बंद करू शकली असती. बटण तिच्या हाताखाली होतं. पण तुम्ही पायऱ्या उतरत होतात. एकदम काळोख केला तर दचकून पडाल, हाडबीड मोडेल, म्हणून तिने बंद केलं नाही."

एवढं सांगून ती स्वयंपाकघरात गेली. मी वर्तमानपत्र तसंच धरून बसलो. सपाट सतरंजीवर मी पडेन म्हणून पोरीने आपली सगळी मेहनत पणाला लावली होती, आणि मी त्यावर पाणी ओतलं. तेही मंत्र म्हणून. त्या दिवसापुरतं तरी मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. पण काशीत जमिनीत आधीच इतकं काही गाडलेलं आहे की जागा मिळणं कठीण.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहरा मॅडम ज्या गेस्ट हाउसमध्ये उतरल्या होत्या तिथे गेलो. माफीचं भाषण वाटेत तयार केलं होतं. त्या बाहेर वऱ्हांड्यात चहा पीत होत्या. मला बघताच त्यांनी आपल्यापुढचा पाण्याचा पेला हळूच उचलून पलीकडे ठेवला. (मुद्दाम नसेल. असेलही.) मी भाषण विसरलो. एवढंच म्हटलं, की चूक माझी आहे, यंत्राची नाही आणि पोरीची तर मुळीच नाही. तिला पुन्हा एकदा दाखवायची संधी द्या. मी शहराबाहेर जातो हवं तर.

त्यांनी मला बसवलं, चहा दिला. म्हणाल्या की शहराबाहेर जायची गरज नाही, संग्रहालयाबाहेर राहिलात तरी पुरेल. मुग्धाने सकाळीच दुसऱ्या कॉम्प्युटरची सोय केली आहे आणि दुपारी त्या पुन्हा बघणार आहेत. मग त्यांनी एक विचारलं. मी गेल्यानंतर मुली मुग्धाला बराच वेळ प्रश्न विचारत होत्या. लोटा कपाळापर्यंत का उचलायचा, सूर्याकडेच तोंड का, आजोबा पुटपुटत काय होते. कमानीबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. मला हे आवडलं का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की मला सध्या काहीच आवडत नाहीये. त्या हसल्या, पण कपातल्या चहाकडे बघून.

दुपारभर मी संकठा घाटावर, देवीच्या देवळात जाऊन बसलो. संकठा देवी संकटं निवारते. पण ज्याच्यावर संकट आलंय त्याने तिच्याकडे जायचं असतं. ज्याने आणलंय त्याने जावं की नाही, याविषयी शास्त्र काय म्हणतं ते मला माहीत नव्हतं. पुजाऱ्याला विचारणार होतो, पण त्याने मला बघून आधीच विचारलं, नहा लिए? मी गुपचूप कोपऱ्यात बसलो. मुग्धाचा फोन लागणार नव्हता, लावायची हिंमतही नव्हती. ऊन उतरल्यावर शैलाचा फोन आला. तिने नुसतं "झालं. चालू राहणार आहे," म्हटलं आणि ठेवून दिला. मी देवीला दोनदा नमस्कार केला, एक माझ्याकडून, एक मुग्धाकडून, आणि घरी गेलो.

खोली चालू राहिली. मुग्धा मात्र माझ्याशी बोलेना. भांडलीही नाही. चहा ठेवायची, "लीजिए" म्हणायची आणि जायची. घरात इतकी शुद्ध हिंदी शैलानेही कधी ऐकली नव्हती. माझा चेहरा बघून शेवटी शैलालाच दया आली असावी, कारण तिने एकदा जेवताना मला न मागता अर्धी पोळी जास्त वाढली. पण दयेचाही उपयोग नव्हता.

मग एके सकाळी मुग्धा माझ्यासमोर येऊन बसली आणि एक कागद पुढे केला. मेहरा मॅडमनी खोली चालू ठेवायला सांगितलं होतं, पण दाराबाहेर सूचनांचा फलक लावायला हवा होता. मजकूर तिने लिहिला होता. हिंदीत, इंग्रजीत आणि मराठीत. मराठी कशासाठी, मी विचारलं. महाराष्ट्रातून यात्रेकरू येतात, म्हणाली. (येतात. पण तिने ते म्हणताना माझ्याकडे पाहिलं.) मग म्हणाली, "बाबा, शुद्धलेखन बघून द्या."

बाबा म्हणाली. मी चष्मा (साधा, वाचायचा) लावला आणि वाचू लागलो. चष्मा लावल्यानंतर कपडे काढू नयेत. खोलीत पाणी आणू नये. अर्घ्य देऊ नये. दुसऱ्याच्या अंगावर वस्त्रे टांगू नयेत.

माझ्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. पण कागद हातात आला की माझ्यातला जाणकार जागा होतो. मी म्हटलं, पहिल्या ओळीत कपडे आणि शेवटच्या ओळीत वस्त्रे, हे बरोबर नाही. एक काहीतरी ठरव. शिवाय 'काढू नयेत' म्हणजे तोंडी सूचना वाटते, फलकावर 'उतरवू नयेत' बरं दिसेल. शैला आतून ओरडली की 'उतरवू' हिंदी झालं, मराठीत कपडे काढतातच. मी म्हटलं, काशीत उतरवतात. ती म्हणाली, काशीत काय काय करतात ते सगळ्यांनी पाहिलंय. आणि अर्घ्यातला र्घ, मी पुढे सांगू लागलो, रंगवणारा नेहमी चुकवतो, तो मोठा काढायला सांग, कारण लोकांना मुख्य धोका तोच आहे...

मुग्धाने तोंडावर हात धरला होता. मग तो हात गळून पडला. ती इतकी हसली की तिला पोट धरून वाकावं लागलं. मी कागद धरून गंभीरपणे वाट बघत राहिलो, कारण मला खरोखरच एक विरामचिन्ह दुरुस्त करायचं होतं.

आता मला संग्रहालयात यायला परवानगी आहे. दारापर्यंत. परवा तिथेच उभा होतो. पुण्याचं एक जोडपं आलं, साठीचं, नीटनेटकं. गृहस्थांनी फलक वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचला, पुन्हा वाचला आणि माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "असं खरंच कुणी केलं असेल का हो?"

मी म्हटलं की कोण जाणे, बाहेरगावचा कुणी असेल. यात्रेला आलेली माणसं, पहिल्यांदा गंगा बघतात, बिचाऱ्यांना भान राहत नाही. ते म्हणाले, शक्य आहे. मी म्हटलं, आम्ही इथलेच, आम्हाला सवय आहे. त्यांना ते पटलं. माझ्या ज्ञानाबद्दल त्यांच्या मनात आदर निर्माण होतो आहे असं मला स्पष्ट दिसलं, आणि मी घाटाच्या बांधणीकडे वळणार, तेवढ्यात मुग्धा बाहेर आली.

"हे माझे वडील," ती त्यांना म्हणाली. "फलकाबद्दल काही विचारायचं असेल तर यांनाच विचारा. तो सगळा यांच्यामुळेच झालाय."

गृहस्थांनी एकदा फलकाकडे पाहिलं, एकदा माझ्या शर्टाकडे पाहिलं, आणि बायकोला हळूच माझ्यापासून दोन पावलं लांब घेतलं.

मी वरचं बटण लावून घेतलं.